घरच्या साबणाचे रंग : ऑलिव्ह तेल, कॉस्टिक सोडा आणि काष्ठौषधी

सीरियातील अलेप्पो शहरात तयार होणारा साबण मधोमध कापला, तर एकाच वडीत दोन रंग दिसतात. बाहेरचा थर सोनेरी-तपकिरी असतो आणि गाभा हिरवा. या साबणात वेगळा रंग मिसळलेला नसतो. ऑलिव्ह आणि लॉरेल या दोन तेलांचा मूळचा हिरवेपणा हवा लागून बाहेरच्या बाजूने ओसरत जातो आणि आत मात्र टिकून राहतो. साबणात नैसर्गिक रंग घालू पाहणाऱ्याला पहिला धडा या वडीतच मिळतो. हा रंग भांड्यात एक असतो, साच्यात दुसरा होतो आणि कपाटात ठेवल्यावर तिसराच निघतो.

मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील दिवाळीच्या प्रदर्शनांत हातांनी बनवलेल्या साबणाच्या वड्या आता सर्रास मांडलेल्या असतात. त्या पाहून अनेकांना घरी साबण करून पाहण्याचा मोह होतो. हळद घातली की पिवळा, बीट घातले की गुलाबी आणि जास्वंद घातली की लाल, असा सोपा हिशेब मनात असतो. प्रत्यक्षात यांतले निम्मे रंग पहिल्याच दिवशी पालटतात. त्याहून गंभीर बाब अशी, की ‘नैसर्गिक’ या शब्दाच्या भरात साबणातील सर्वांत तीव्र घटकाकडे, म्हणजे कॉस्टिक सोड्याकडे, दुर्लक्ष होते. त्यामुळे या छंदात उतरण्यापूर्वी त्यामागचे रसायनशास्त्र समजून घेणे हिताचे ठरते.

भूमध्य समुद्राकाठची परंपरा

ऑलिव्ह तेलाच्या साबणाची मुळे भूमध्य समुद्राच्या परिसरात आहेत. अलेप्पो, पॅलेस्टाइनमधील नाब्लुस, स्पेनमधील कॅस्टील आणि फ्रान्समधील मार्सेय ही नावे या साबणाशी कायमची जोडली गेली आहेत. अलेप्पो आणि नाब्लुस येथील साबणनिर्मितीची परंपरा डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदवली गेली. नाब्लुसमध्ये कापलेल्या वड्या आतून पोकळ अशा उंच मनोऱ्यांसारख्या रचून वाळवतात, जेणेकरून प्रत्येक वडीला चहूबाजूंनी हवा लागावी. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत १६८८ साली निघालेल्या फर्मानाने मार्सेयच्या साबणात ऑलिव्हखेरीज अन्य स्निग्ध पदार्थ वापरण्यास मनाई केली होती.

त्या काळी साबणासाठी लागणारा अल्क वनस्पतींच्या राखेतून मिळे. निकोला लब्लां यांनी १७९१ मध्ये मिठापासून सोडा तयार करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि राखेवरचे अवलंबन हळूहळू कमी झाले. तेल आणि अल्क एकत्र आल्यावर नेमके काय घडते, याचा उलगडा मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केला.

साबण कसा घडतो?

तेलाच्या रेणूत तीन मेदाम्ले आणि एक ग्लिसरीन यांची जोडणी असते. कॉस्टिक सोडा ही जोडणी तोडतो. मेदाम्लांचा सोडियमशी संयोग होऊन साबण बनतो आणि ग्लिसरीन मोकळे होते. या क्रियेला साबणीकरण म्हणतात. क्रिया पूर्ण झाली आणि सोड्याचे प्रमाण अचूक असले, तर तयार वडीत कॉस्टिक सोडा उरत नाही. मात्र त्याच्याशिवाय तेलापासून साबणाची टणक वडी होत नाही. ‘केमिकलविरहित साबण’ हा शब्दप्रयोग त्यामुळे निरर्थक आहे. रिठा आणि शिकेकाई यांना फेस येतो तो सॅपोनिन या द्रव्यांमुळे. त्यांचा साबणीकरणाशी संबंध नाही.

प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असतो. १०० ग्रॅम ऑलिव्ह तेलाला सुमारे १३.४ ग्रॅम, खोबरेल तेलाला सुमारे १८.३ ग्रॅम आणि एरंडेल तेलाला सुमारे १२.८ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. म्हणजे ५०० ग्रॅम ऑलिव्ह तेलाला ६७ ग्रॅम पुरतो, तर तेवढ्याच खोबरेल तेलाला ९१ ग्रॅमहून अधिक लागतो. खोबरेल तेलाची कृती हाती धरून त्यात केवळ तेल बदलले, तर २४ ग्रॅम सोडा वडीत शिल्लक राहील आणि ती वडी त्वचा भाजेल. घटकांचे प्रयोग करताना तेल बदलले की सोड्याचा हिशेब नव्याने करावा लागतो, तो याच कारणाने.

सर्व मोजमाप वजनाने करावे, वाटी-पेल्याने नव्हे. एक लिटर ऑलिव्ह तेलाचे वजन सुमारे ९१५ ग्रॅम भरते. बाटलीवरचा लिटरचा आकडा किलो समजून हिशेब केला, तर चूक थेट सोड्याच्या प्रमाणात उतरते. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा ही या छंदाची पहिली खरेदी असावी.

तेलाची निवड

ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्लाचे प्रमाण मोठे असते. त्यामुळे त्याचा साबण त्वचेला सौम्य लागतो. परंतु त्याचा फेस कमी आणि काहीसा बुळबुळीत असतो. ताजी वडी मऊ असते आणि ओल्या साबणदाणीत लवकर विरघळते. खोबरेल तेलातील लॉरिक आम्लामुळे भरपूर फेस आणि टणकपणा येतो, पण त्याचे प्रमाण फार वाढले तर त्वचा कोरडी पडते. थोडे एरंडेल फेस टिकवून धरते. म्हणून नवख्यांसाठी ऑलिव्ह ७० टक्के, खोबरेल २५ टक्के आणि एरंडेल ५ टक्के हे मिश्रण सोयीचे ठरते.

महागडे ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ तेल साबणासाठी घेण्याची गरज नाही. ज्या सुगंधासाठी त्याची किंमत मोजली जाते, त्यातला फारच थोडा कॉस्टिक सोड्यातून सुखरूप बाहेर पडतो. रिफाइंड किंवा ‘पोमेस’ तेलाने काम भागते. पोमेस तेलाचे मिश्रण तर लवकर दाटते. रंगाच्या दृष्टीनेही तेलाची निवड महत्त्वाची आहे. हिरवट तेलाची पार्श्वभूमी पिवळसर येते आणि तीत निळा रंग मिसळला की तो हिरवट दिसतो. स्वच्छ निळा किंवा गुलाबी हवा असेल, तर फिकट तेल निवडावे.

कृती आणि खबरदारी

३५० ग्रॅम ऑलिव्ह, १२५ ग्रॅम खोबरेल आणि २५ ग्रॅम एरंडेल अशा ५०० ग्रॅम तेलांना हिशेबाने ७३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. काही तेल मुद्दाम शिल्लक राहावे, म्हणजे वडी सौम्य होते आणि मोजमापातील किरकोळ चूकही पोटात घातली जाते. यासाठी सोडा पाच टक्क्यांनी कमी करून ६९ ग्रॅम घ्यावा. पाणी १४० ग्रॅम पुरते. सोडा शुद्ध असावा. नळ मोकळा करण्यासाठी मिळणाऱ्या भुकटीत इतर द्रव्येही असू शकतात, ती वापरू नये.

सोडा थोडा थोडा करून पाण्यात घालावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, कारण एकदम निर्माण झालेल्या उष्णतेने मिश्रण उसळून अंगावर उडू शकते. योग्य क्रमानेही द्रावण झपाट्याने तापते आणि त्याची वाफ घशाला झोंबते. म्हणून हे काम उघड्या खिडकीशी, रबरी हातमोजे, डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून करावे. मुले आणि पाळीव प्राणी त्या वेळी स्वयंपाकघरात नसावेत.

आपल्याकडच्या स्वयंपाकघरात आणखी एक धोका असतो. तो म्हणजे अॅल्युमिनियमची पातेली. कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियमला खातो आणि त्या क्रियेत ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सुटतो. भांडी स्टेनलेस स्टीलची किंवा जाड पॉलिप्रॉपिलिनची असावीत आणि ती पुन्हा स्वयंपाकासाठी वापरू नयेत. थंड झालेले द्रावण पाण्यासारखेच पारदर्शक दिसते. ते पेल्यात, तांब्यात किंवा पाण्याच्या बाटलीत क्षणभरही ठेवू नये. द्रावण त्वचेवर उडाल्यास वाहत्या पाण्याखाली किमान १५ ते २० मिनिटे धुवावे. त्यावर व्हिनेगर चोळू नये. डोळ्यांत गेल्यास तसेच धूत राहून तातडीने रुग्णालय गाठावे. पोटात गेल्यास उलटी करवू नये, विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

तेले आणि द्रावण दोन्ही साधारण ४० अंश सेल्सिअसपर्यंत आल्यावर द्रावण तेलात ओतून हँड ब्लेंडरने थांबून थांबून घुसळावे. मिश्रण आधी कढीसारखे, मग भज्यांच्या पिठासारखे होते. वरून पडलेल्या थेंबाची रेघ पृष्ठभागावर क्षणभर टिकू लागली, की रंग मिसळून साच्यात ओतावे. एक-दोन दिवसांनी हातमोजे घालूनच वड्या कापाव्यात आणि हवेशीर जागी चार ते सहा आठवडे ठेवाव्यात. या काळात पाणी उडून वडी टणक होते. निव्वळ ऑलिव्ह तेलाची वडी असेल, तर तिला कित्येक महिने द्यावे लागतात. अलेप्पोचे कारागीर तर सहा महिन्यांहून अधिक काळ थांबतात.

रंगांची परीक्षा

वनस्पतींचे अनेक रंग आम्ल आणि अल्क यांच्या स्पर्शाने पालटतात. महाराष्ट्रातील घरांना ही गोष्ट फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. पिवळ्या हळदीला चुन्याचा स्पर्श झाला की ती लाल होते, पारंपरिक कुंकू याच क्रियेतून बनते. साबणाच्या ताज्या मिश्रणातही हेच घडते. हळद घालताच ते लालसर-तपकिरी होते. पुढे साबणीकरण पूर्ण होऊन अल्काची तीव्रता उतरली, की नारिंगी आणि अखेर मोहरीसारखा पिवळा रंग येतो. पहिल्या दिवशीचा लाल पाहून हळद वाया गेली असे समजण्याचे कारण नाही. खरी अडचण पुढे येते. हळदीचा रंग उजेडात विरतो आणि तिचे प्रमाण जास्त झाले तर टॉवेलवर डाग पडतात.

बीट मात्र सर्वाधिक निराशा करते. त्याचा किरमिजी रंग अल्कात टिकत नाही आणि वडी मातकट होते. जास्वंद, गोकर्ण यांसारख्या फुलांतील अँथोसायनिनची गतही तीच. त्यांचा लाल किंवा निळा रंग हिरवट, करडा वा तपकिरी होऊन बसतो. पालक आणि कडुलिंबाच्या पानांची भुकटी सुरुवातीला प्रसन्न हिरवा रंग देते, पण काही आठवड्यांत तो वाळल्या गवतासारखा होतो.

टिकाऊ रंगांची यादी लहान आहे, पण आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात त्यांतले बहुतेक मिळतात. मंजिष्ठेची मुळे गुलाबीपासून विटकरीपर्यंत छटा देतात. रतनजोत तेलात मुरवले की तेल गडद लाल होते, पण अल्कात तोच रंग जांभळा किंवा निळसर करडा होतो. काश्मिरी रोगनजोशला लाली देणारे मूळ साबणात जांभळे होते, याचे नवल वाटते ते या अल्काच्या करामतीमुळे. शेंद्रीच्या बिया तेलात मुरवल्या की पिवळा ते नारिंगी रंग येतो. नीळ अल्काला दाद देत नाही. कोको आणि कॉफी तपकिरी, कोळशाची शुद्ध भुकटी काळा-करडा, तर मुलतानी माती मंद मातकट रंग देते.

प्रमाण अल्प असावे. ५०० ग्रॅम तेलाला भुकटी चहाचा एक चमचा पुरते. निळीला पाव ते अर्धा चमचा पुरे होतो. मोजलेल्या तेलातलेच चमचाभर तेल घेऊन भुकटी आधी त्यात कालवावी, म्हणजे गुठळ्या राहत नाहीत. मुळे किंवा बिया मुरवायच्या असतील, तर त्या तेलात दोन-तीन आठवडे ठेवाव्यात किंवा गरम पाण्यात भांडे ठेवून तासभर मंद तापवाव्यात आणि तेल मलमलीतून गाळून घ्यावे. ओतल्यानंतर साचा टॉवेलात गुंडाळला, तर आतली उष्णता वाढून रंग अधिक गडद येतो. ही उष्णता केवळ मधल्या भागात पोहोचली, तर कापलेल्या वडीत गडद वर्तुळ उमटते. ते दिसायला विचित्र असते, वापरायला अपायकारक नसते.

नावांचा घोळ

या प्रयोगांतली सर्वांत महागात पडणारी चूक नावांमुळे होऊ शकते. शेंद्री म्हणजे बिक्सा ओरेलाना या झाडाच्या बिया. शेंदूर ही पूर्णपणे वेगळी वस्तू आहे. बाजारातील शेंदरात शिशाचे ऑक्साइड असू शकते आणि शिसे विषारी आहे. ते साबणात कोणत्याही कारणाने जाता कामा नये. दुकानात मागताना ‘शेंद्रीच्या बिया’ असे स्पष्ट सांगून अखंड बियाच घ्याव्यात. भुकटी घेऊ नये.

निळीचेही तसेच. कपड्यांना घालण्यासाठी मिळणारी नीळ म्हणजे वनस्पतीपासून काढलेली नीळ नव्हे. केसांसाठी मेंदीबरोबर विकली जाणारी नीळ ही बहुधा वाळलेल्या पानांची भुकटी असते आणि तिचा रंग हिरवट-करडा येतो. साबणाला लागते ते पानांतून काढलेले गडद निळे रंगद्रव्य. बाजारातील तयार कुंकू आणि गुलाल यांत कृत्रिम रंग असू शकतात, तेही टाळावेत.

खनिज रंगांच्या बाबतीत ‘नैसर्गिक ते निर्धोक’ हा समज अगदी उलटा ठरतो. गेरूचा विटकरी रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो आणि तो अल्कात बदलत नाही. तथापि जमिनीतून काढलेल्या अशा रंगांत जड धातूंची भेसळ निसर्गतःच असू शकते. त्यामुळे सौंदर्यप्रसाधनांसाठी लोहाची ऑक्साइडे कारखान्यात शुद्ध स्वरूपात तयार केली जातात. तेथे कृत्रिम पर्याय अधिक सुरक्षित असतो.

दूध, मध आणि लिंबू

रंगाइतकाच मोह स्वयंपाकघरातील इतर जिनसांचा होतो. मध आणि दूध यांतील शर्करेमुळे मिश्रण जास्त तापते आणि वडी तपकिरी होते. क्वचित साच्यातून मिश्रण फुगून वर येते. ५०० ग्रॅम तेलाला मध चहाच्या एका चमच्याहून अधिक नसावा. दूध वापरायचे असेल तर ते गोठवून त्यावर सोडा अगदी सावकाश घालावा. लिंबाचा रस दिसतो तितका निरुपद्रवी नाही. त्यातील आम्ल सोड्याचा काही भाग खर्ची घालते. १० ग्रॅम सायट्रिक आम्ल सुमारे ६ ग्रॅम कॉस्टिक सोडा निकामी करते, म्हणजे तितके तेल साबणाविना उरते आणि वडी तेलकट, मऊ होते. पपई, टोमॅटो यांचा ताजा गर घातल्यास रंग काळवंडतो. गराचे तुकडे राहिले तर ते नासण्याचीही शक्यता असते.

बेसन किंवा ओटचे पीठ थोड्या प्रमाणात चालते. लवंग आणि दालचिनीची तेले मिश्रण एकाएकी घट्ट करतात आणि त्वचेला चुरचुरतात. व्हॅनिलाचा सुगंध घातलेली वडी तपकिरी होते. पृष्ठभागावर पांढरी राखेसारखी साय आली तर घाबरू नये, ती सोडा आणि हवा यांच्या संयोगाने येते आणि पुसली जाते. परंतु काही महिन्यांनी नारिंगी ठिपके पडून खवट वास येऊ लागला, तर वडीतले शिल्लक तेल बिघडले असे समजावे.

पाच पेल्यांचा प्रयोग

एका वेळी एकच रंग करून पाहण्यापेक्षा वर दिलेल्या ५०० ग्रॅम तेलाच्या मिश्रणाचे पाच भाग करावेत. प्रत्येकी सुमारे १४० ग्रॅम मिश्रण जाड कागदी पेल्यांत ओतता येते. पहिला पेला कोरा ठेवावा, कारण तुलना त्याच्याशीच करायची असते. उरलेल्या चारांत हळद, मंजिष्ठा आणि बीट यांची प्रत्येकी पाव चमचा भुकटी आणि निळीची चिमूट मिसळावी. प्रत्येक पेल्यावर नाव, वजन आणि तारीख लिहावी. वड्या सुटल्यावर प्रत्येकीचे दोन तुकडे करून एक खिडकीत आणि दुसरा बंद कपाटात ठेवावा. दोन महिन्यांनी दहाही तुकडे शेजारी मांडले, की कोणता रंग अल्काने बदलला आणि कोणता उजेडाने उडवला, हे स्वतंत्रपणे दिसते. खिडकीतला हळदीचा तुकडा आणि कपाटातला तुकडा यांतील फरक या प्रयोगात हमखास नजरेत भरतो.

वापरण्यापूर्वी ओल्या वडीवर पीएच पट्टी लावून पाहावी. साबण मूळचाच अल्कधर्मी असतो, नऊ-दहाचा आकडा स्वाभाविक आहे. तो त्याच्या बराच वर असेल, तर वडी अंगाला लावू नये. आकडा ठीक आला तरी प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक दिवस थांबावे. तान्ह्या बाळासाठी किंवा त्वचाविकारावर उपचार म्हणून असा साबण वापरू नये.

विक्रीचा प्रश्न

घरात वापरणे आणि बाजारात विकणे यांत कायद्याने फरक केला आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील सौंदर्यप्रसाधनाच्या व्याख्येतून साबण पूर्वी वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने ती सूट काढून टाकली. आता विक्रीसाठी साबण तयार करायचा, तर सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार परवाना आवश्यक आहे. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. प्रदर्शनात वडी विकत घेणाऱ्या ग्राहकानेही वेष्टनावर उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी आहे का, हे पाहावे. वडी झळझळीत गुलाबी किंवा गडद जांभळी असेल आणि वेष्टनावर बीट किंवा जास्वंद लिहिलेली असेल, तर हा रंग नेमका कशाचा, असे विक्रेत्याला विचारायला हरकत नाही.